बाईंना विचारा : वही कोरी, फ्रॉक मातीनं भरलेला

जून सुरू झाला की पत्रांचा ढीग वाढतो. शाळा नवी, दप्तर नवं, आईबापांची काळजीही नवी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी बालवाडी चालवते, त्यामुळं उत्तरं तिथल्या अंगणातूनच आलेली आहेत. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत, पत्र लिहिणाऱ्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. राजारामपुरीतल्या एका बालवाडीत घातलीय. जून गेला, वहीत एक अक्षर नाही. रोज फ्रॉक मातीनं भरलेला आणि बाह्या ओल्या. ‘आज काय शिकलीस?’ विचारलं की म्हणते, ‘खेळलो.’ शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत जातो, तो पन्नासपर्यंत लिहितो. सासूबाई म्हणतात, खेळायचंच होतं तर आपल्या दारात काय जागा कमी होती? फी भरून आम्ही फसलो का?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. नुसतंच खेळायचं तर दार पुरे. फी आपण खेळाची देत नाही, खेळामागं बाईंनी केलेल्या जोडणीची देतो. तुमच्या बालवाडीत ती जोडणी आहे का नाही, हे बघायचं. वही उघडून ते कळणार नाही.

ओल्या बाह्यांचंच घ्या. आमच्या अंगणात प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाणी भरून ठेवलेलं असतं. शेजारी एक लिटरची बाटली, पाव लिटरची बाटली, नरसाळं, चहाची गाळणी. परवा एक पोरगी गाळणीनं मोठी बाटली भरायला बसली. भरेना. गाळणी बाटलीच्या तोंडावर दाबून धरली, तरी भरेना. मग गाळणीखाली तळहात धरून बघितला, हात ओला झाला, आणि एक शब्द न बोलता तिनं गाळणी ठेवून नरसाळं उचललं. आता छोटी बाटली भरायची आणि मोठीत ओतायची. एक, दोन, तीन, चार. पाचवी सगळी अंगावर सांडली. बाटली रिकामी करून पुन्हा सुरुवात, पुन्हा पाचवी अंगावर. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “बाई, ही चारच पितीय.”

मी त्यावेळी काय करत होते? कट्ट्यावर बसून बघत होते. कुणी आलं असतं तर म्हणालं असतं, बाई बसून पगार खातात. पण चार वेळा बरोबर मावेल अशा बाटल्या शोधून ठेवल्या होत्या त्या मीच. गाळणी मुद्दाम ठेवली होती, कारण सगळंच जमणारं साहित्य दिलं तर डोकं चालवायचं कारणच उरत नाही. आणि मध्ये बोलले असते, ‘अगं गाळणीनं नाही भरत,’ तर तिचा शोध माझा झाला असता. पुढं कधीतरी लिटर-पाव लिटरची गणितं फळ्यावर येतील तेव्हा हिच्या हातांना ती आधीच माहीत असतील. संध्याकाळी आईनं विचारल्यावर मात्र ती सांगणार, ‘खेळलो.’ खरंच आहे की ते.

आता माती. आषाढात आपल्याकडं बेंदूर, घरोघरी कुंभाराकडचे मातीचे बैल येतात. आम्ही तयार बैल एकच आणतो आणि तो मध्ये ठेवतो. प्रत्येकाच्या पुढ्यात भिजवलेल्या मातीचा गोळा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे बैल बसतात, कारण पाय काडीसारखे बारीक केलेले असतात आणि धड भोपळ्याएवढं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुंभाराचा बैल उलटा करून त्याचे पाय बघतं. मग पाय जाड होतात, आखूड होतात, आणि एखादा बैल उभा राहतो. तो कोपरा त्या दिवशी सोडवत नाही कुणाला.

माती मळताना जी ताकद येते तीच पुढं पेन्सिल धरते. पोराचा हात खांद्याकडून बोटांकडं तयार होत जातो : आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. साधारण तिसऱ्या वर्षी पोराला गोल काढता येतो, चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, चौकोन साडेचार-पाचला, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. ज्या पोराला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही, त्याच्याकडून ‘क’ची गाठ आणि ‘५’ची वेलांटी घोटून घेणं म्हणजे हाताशी भांडण. होतं काय, की हात धरून गिरवून घेतात, वही भरते, आईबाप खूश होतात, आणि पोरगं पेन्सिल बघितली की सू आल्याचं सांगतं. अशी पोरं माझ्याकडं येतात, म्हणून एवढं खडसावून लिहितेय.

शेजारच्या मुलाशी तुलना करायचीच असेल तर त्याला स्वयंपाकघरातून सात चमचे आणायला सांगा. बरोबर सात आणले तर त्याला संख्या कळलीय, कौतुक करा. मूठभर आणले तर पन्नासपर्यंतचं लिहिणं म्हणजे फक्त चित्रं काढणं चाललंय असं समजा. आणि हाच खेळ आपल्या मुलीबरोबर रोज खेळा, ताटं मांडताना. माणशी एक ताट, एक वाटी. वेगळा अभ्यास नको.

गंमत बघा, याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरांना शाळेत घालत नाहीत म्हणून आईबापांना दंड ठेवावा लागला. आता आईबापांना आवरायची वेळ आलीय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंत सलग. २०२२ मध्ये त्या टप्प्याचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात स्वच्छ म्हटलंय की या वयाला परीक्षा आणि चाचण्या अजिबात योग्य नाहीत. ‘पण पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत घेतात ना,’ हे तुम्ही म्हणणारच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १३ वं कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची अशी चाळणी लावायला मनाई करतं. मुलाखत घेतली तर ते शाळेचं चुकतंय, तुमच्या मुलीचं नाही.

तर एके दिवशी अर्धा तास बालवाडीत जाऊन बसा. एखाद्या वस्तूकडं बोट दाखवून बाईंना विचारा, ‘हे इथं का ठेवलंय?’ बाईंना सांगता आलं, त्या पोरांच्या उंचीला बसून ऐकत असल्या, कालचा खेळ आज थोडा बदललेला असला, तर पैसे वसूल. बाई खुर्चीत फोन घेऊन आणि पोरं नुसती धुडगूस घालतायत असं दिसलं, तर सासूबाईंचं खरं. डोकीही मोजा. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणं तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागं एक मोठं माणूस हवं, तीनच्या आतल्या दहांमागं एक. चाळीस पोरांत एकटी बाई असेल तर जोडणी कसली आणि काय, ती नुसती पोरं राखते.

आणि ‘काय शिकलीस’ नका विचारू. ‘आज काय सांडलं?’ विचारा. बघा कशी बोलायला लागते.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगा दोन वर्षांचा, दिवसभर पाळणाघरात असतो. महिन्याभरात तीन-चार वेळा दुसऱ्या मुलांना चावला. पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, असंच चाललं तर दुसरीकडं बघा. माझी आई म्हणते, तूपण एकदा त्याला चाव, म्हणजे कळेल. मला रात्रभर झोप नाही.

उत्तर : चावू नका. मोठी माणसंही चावतात एवढंच त्याला कळेल.

दोन वर्षांचं पोरगं चावतं कारण ‘सोड, ते माझंय’ एवढं वाक्य त्याच्या तोंडात अजून तयार नसतं आणि दात मात्र तयार असतात. या वयाची पोरं एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी खेळतात. शेजाऱ्याचा हात आपल्या गाडीवर आला की संपलं. त्यातून दाढा येत असतील तर हिरड्या शिवशिवत असतात, ते वेगळंच.

ताईंना विनंती करा की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त एवढं टिपा : किती वाजता, कुठल्या जागी, आणि त्याआधी काय चाललं होतं. मी सांगते काय निघेल. बहुतेक वेळा जेवणाआधीचा अर्धा तास, नाहीतर झोपेची वेळ, आणि जागा म्हणजे दाराजवळची गर्दी नाहीतर एकुलती एक तीनचाकी. मग जेवण थोडं अलीकडं आणायचं, तीनचाकी काही दिवस उचलून ठेवायची, नाहीतर सारखी दिसणारी दोन खेळणी ठेवायची. या वयाला ‘वाटून घे बाळा’ शिकवण्यापेक्षा एकसारखे दोन डंपर आणणं लई स्वस्त पडतं. हिरड्यांसाठी ओला स्वच्छ रुमाल चावायला द्या. त्या वेळेपुरतं एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर असावं आणि त्याचं तोंड पुढं जायला लागलं की शब्द त्याच्या वतीनं बोलावेत : ‘सोड म्हण. सोड.’

चावलाच, तर आधी ज्याला लागलं त्याच्याकडं जायचं. मग याच्या डोळ्यांत बघून, ‘चावायचं नाही. त्याला दुखतं.’ बास. भाषण नको, कोपऱ्यात बसवणं नको, आणि सगळ्यांदेखत ‘चावरा’ तर कुणीच म्हणायचं नाही, तुमच्या आईनंही. बोलणं वाढतं तशी ही सवय आपोआप सुटते. तीन वर्षं उलटून गेली तरी चालूच राहिलं, किंवा बोलणंच मागं आहे असं वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एक वेगळी गोष्ट. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ दिलं पाहिजे, जेवणाची सुट्टी त्यातच धरून, असं २०१७ पासून कायद्यात आहे. तुमच्या कारखान्यात आणखी कुणाकुणाची लहान पोरं आहेत ते बघा आणि चौघी-पाचजणी मिळून विचारा. एकटीनं विचारलं की ‘बघू’ म्हणतात.

प्रश्न : बाई, आमचं शिवाजी पेठेतलं घर तालमीतलं. माझे वडील लाल मातीत उतरलेले, मीही चार कुस्त्या केल्या. नातू पाच वर्षांचा झाला, आणि पोरगं दिवसभर बहिणीची भातुकली घेऊन बसतंय. खोटा रस्सा करतंय आणि मला वाढतंय. बालवाडीतल्या बाई म्हणतात खेळू दे. मला काय पटंना.

उत्तर : आबा, रस्सा तिखट झालाय का ते त्याला सांगा आधी. वाट बघत असेल.

आपल्या कोल्हापुरात जत्रेला शे-दोनशे माणसांचा तांबडा-पांढरा शिजतो तेव्हा त्या भांड्यापाशी कोण असतं? गुऱ्हाळात काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या कोण असतो? मिसळीचा कट कुणाच्या हातचा खाता तुम्ही? सगळे बाप्येच की. आणि तालमीतले पैलवान आपापली थंडाई घोटतात, स्वयंपाकही आळीपाळीनं करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण खरं कारण याहून मोठं आहे. नातू विटेच्या चुऱ्याला चटणी म्हणतो, पानाला भाकरी म्हणतो. समोर आहे एक आणि मानायचं दुसरं, ही सगळ्यात अवघड उडी आहे आणि पोरं ती भातुकलीत मारतात. पुढं कागदावरच्या वाकड्या रेघेला ‘म’ मानायचं आणि तीन काड्यांच्या जागी ‘३’ मानायचं, ती उडी याच जातीची. शिवाय त्या खेळात बहिणीशी ठरवाठरवी आहे, तू गिऱ्हाईक मी मालक, पैसे किती, उधारी नाही. ऐकून बघा एकदा लपून, तुमच्या पेठेतले सगळे व्यवहार त्यात सापडतील.

कुस्तीही हवीच त्याला. संध्याकाळी गादी टाका आणि तुम्हीच खेळा त्याच्याशी. लोळणं, ढकलणं, पाडणं आणि समोरच्याला लागू न देणं हे पोरांना मोठ्यांच्या अंगाशी झटूनच येतं. फक्त दर वेळी जिंकू नका.

प्रश्न : मी गगनबावडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एकच खोली, तीन ते सहाची पोरं एकत्र. वजनं, उंच्या, आहार, गृहभेटी, रजिस्टरं, वर पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपवर माहिती भरायची. प्रशिक्षणात सांगतात खेळातून शिकवा. मिळालेली खेळणी कधीच मोडून गेली. आमच्याकडं पावसाळ्यात अंगण म्हणजे नुसता चिखल. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, हे सांगणारे सांगून जातात, खोली आवरायची तुम्हाला असते. ज्या दिवशी लसीकरण आहे त्या दिवशी खेळ मागं पडणार, त्याचा बाऊ करू नका.

तुमच्या कामाचं मूळ खेळण्यांच्या कपाटात नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या पोरांसाठी काम सुरू केलं आणि पुढं १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. परदेशी साधनं महाग, मग दगड, पानं, बिया, माती, बांबू हेच साहित्य. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची.

तुम्ही रोज करता त्याच कामांतून सुरुवात करा, नवीन काही अंगावर घेऊ नका. दारात चिखलाच्या चपलांचा ढीग पडतो ना? तोच पहिला खेळ. जोड्या लावायच्या, मग लहानापासून मोठीपर्यंत रांग, मदतनीसताईंची सगळ्यात शेवटी. जोडी लावणं, लहान-मोठं, डावं-उजवं सगळं त्यात आलं आणि दारही मोकळं झालं.

हजेरी पोरांनाच घेऊ द्या. दोन टोपल्या, पोरगं आलं की एक खडा इकडून तिकडं. शेवटी सगळ्यांनी मिळून खडे मोजायचे, आकडा तुम्ही रजिस्टरात लिहायचा. आहार वाढताना एक पोरगं ताटल्या मांडेल, दुसरं पेले. कमी पडला तर ‘किती कमी पडले?’ एवढंच विचारा.

उंचीच्या दिवशी तर मजाच आहे. प्रत्येकाच्या उंचीची सुतळी कापा आणि भिंतीला ओळीनं टांगा, खाली चिठ्ठीवर नाव आणि शेजारी त्याचं चित्र. पोरं आठवडाभर त्या सुतळ्यांखाली उभी राहून स्वतःला मापतील, कोण कुणापेक्षा केवढं हे बोलतील, आणि आपल्या नावाचं अक्षर ओळखायला लागतील. तीन महिन्यांनी नवी सुतळी जुनीशेजारी. आईला ‘बाळाची वाढ’ समजावून सांगायला यापेक्षा सोपा तक्ता मला तरी माहीत नाही.

पाऊस तुमच्याकडं जिल्ह्यात सगळ्यात जास्त, तो फुकट आहे. पागोळीखाली तोंड कापलेली बाटली ठेवा आणि रोज पाणी आलं तिथं रेघ मारा. पत्र्याचा डबा, प्लॅस्टिकची बादली, पातेलं असं ओळीनं ठेवलं की तिन्हींचा आवाज वेगळा, पोरं डोळे मिटून ओळखतात. सुगीनंतर जोंधळ्याची धाटं मिळाली तर बैलगाड्या करायला गावातल्याच एखाद्या आजोबांना बोलवा. त्यांना येतात, आणि त्यांना कुणी बोलवत नाही.

तीन आणि सहाची पोरं एकत्र असणं याला अडचण समजू नका. मोठी पोरं लहानांना सांगताना स्वतः पक्की होतात. एका कोपऱ्यात घरघर, एका कोपऱ्यात माती नाहीतर बिया, एका कोपऱ्यात चित्रांची पुस्तकं. फक्त बियांच्या कोपऱ्याशी एक माणूस हवं, आणि कुणाचं धाकटं भावंड मागून आलेलं असेल तर चिंचोके, सागरगोटे, शेंगदाणे वरच्या फळीवर. तीनच्या आतलं पोरगं हातातलं नाकात नाहीतर तोंडात घालणारच.

ट्रॅकर मात्र पोरं गेल्यावर भरा. पोरांसमोर फोन काढला की सगळी गर्दी त्याच्याभोवती होते.

प्रश्न : कळंब्याला राहतो. मुलगा तीन वर्षांचा, मोबाईल लावल्याशिवाय एक घास खात नाही. बालवाडीत मात्र गुपचूप खातो म्हणे. हे कसं?

उत्तर : बालवाडीत मोबाईल नाही आणि शेजारी दहा पोरं खातायत, म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींत दोन ते चार वयाला पडद्यासमोर बसणं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं, आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल, असं आहे. तुमची तिन्ही जेवणं धरली तर तो तास ताटावरच संपतो.

घरात सगळ्यात जास्त माणसं ज्या जेवणाला असतात त्या जेवणापासून सुरू करा, बहुधा रात्रीच्या. त्याआधी भाकरीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या, त्याला थापू द्या, त्याची वेडीवाकडी भाकरी तव्यावर टाका आणि त्याच्याच ताटात वाढा. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, तुमचाही. पहिले दोन-तीन दिवस रडेल, कमी खाईल. मागं लागून भरवू नका, ताट उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत बिस्किटं, चिवडा, दूध काही देऊ नका, पाणी द्या. आजींना हे सगळ्यात जड जाईल, म्हणून त्यांना आधीच विश्वासात घ्या. वजन खरंच उतरतंय असं वाटलं तर मात्र डॉक्टरांकडं न्या.